इंजिनचं नॉकिंग आणि अण्णांचं बोअरचं पाणी

2023 च्या मे महिन्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि बीड-केज रस्ता माझ्या अंगवळणी पडला. आठवड्यातून दोनदा तरी जायचंच. बीड सोडलं की मांजरसुंब्याचा घाट लागतो. बालाघाटाची ती चढण संपली की वर रबडीची हॉटेलं, आणि तिथून सोलापूरचा महामार्ग सोडून डावीकडे नेकनूर, केज. गाडी 2012 सालची, 1.2 लिटरची पेट्रोल. आधी अण्णांनी केजला सहा-सात वर्षं वापरली, मग मला दिली. बीडमध्ये मी ती घर ते कॉलेज आणि कॉलेज ते घर एवढीच चालवायचे, जेमतेम दोन किलोमीटर.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला तो आवाज पहिल्यांदा आला. दुपारचा दीड वाजला होता, एसी चालू, मागच्या सीटवर आईसाठी घेतलेली कमोडची खुर्ची आणि दोन पोती सामान. चढण सुरू झाली तरी मी चौथ्याच गिअरमध्ये होते. गाडी मंदावली म्हणून अ‍ॅक्सिलरेटर दाबला आणि बॉनेटखालून खडखड सुरू झाली. पत्र्याच्या डब्यात मूठभर हरभरे टाकून कुणी तो भराभर हलवावा, तशी. पाय उचलला की बंद, दाबला की पुन्हा सुरू. वर सपाटीला लागले आणि आवाज असा गेला की आपल्याला भास झाला असेल असंच वाटावं.

दोन दिवसांनी येताना घाट उतरणीचा, त्यामुळे काहीच वाजलं नाही. पुढच्या वेळी जाताना पुन्हा तेच.

अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, "पेट्रोलच खराब. पूर्वीचं पेट्रोल राहिलं नाही आता." गावात सगळे हेच सांगत होते आणि मलाही ते पटलं, कारण मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते आणि ऑक्टेन नंबर समजावताना नॉकिंग, म्हणजे इंधन आपोआप पेटून इंजिन खडखडणं, हा शब्द फळ्यावर दरवर्षी लिहिते. सरळ साखळीचं नॉर्मल हेप्टेन लगेच भडकतं, म्हणून त्याला 0. फांद्या असलेलं आयसो-ऑक्टेन दाबाला तग धरतं, म्हणून त्याला 100. आपल्याकडचं तेव्हाचं साधं पेट्रोल 91 चं. त्यात कुणी रॉकेल मिसळलं तर हा आकडा घसरतो आणि इंजिन वाजायला लागतं. पूर्वीच्या पेट्रोलबद्दल अण्णा म्हणाले तेही अगदी निराधार नव्हतं. 1921 च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत थॉमस मिजली यांच्या हाती टेट्राएथिल लेड लागलं, आणि पुढची कित्येक दशकं जगभर पेट्रोलमध्ये शिसं घालून नॉकिंग थांबवलं गेलं. त्या शिशाने मुलांच्या मेंदूंचं केलेलं नुकसान फार मोठं आहे. भारतात 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेविरहित पेट्रोलच मिळतं, आणि ते फार चांगलं झालं, असं मी वर्गातही ठासून सांगते.

तर मी पेट्रोलच्या मागे लागले. पंपावर फिल्टर पेपर मागितला. ग्राहकाने मागितला की तो द्यावाच लागतो, हे फार लोकांना माहीत नसतं. नोझल पुसून कागदावर एक थेंब टाकला. दोनेक मिनिटांत उडून गेला, डाग राहिला नाही. घनताही मोजायला लावली. जारमध्ये पेट्रोल घेऊन हायड्रोमीटर आणि थर्मामीटर बुडवतात, आलेला आकडा तक्त्यावरून 15 अंशांच्या तापमानाला बदलून घेतात आणि त्या दिवशीच्या नोंदीशी ताडतात. फरक 3 च्या आत असला पाहिजे. माझ्या वेळी तो एकच निघाला. पंपावरच्या मुलाने सगळं नीट, न कंटाळता करून दाखवलं. मात्र या दोन्ही चाचण्यांतून भेसळीचा अंदाज येतो, ऑक्टेन कळत नाही. म्हणून पुढची टाकी 95 ऑक्टेनच्या महाग पेट्रोलने भरली. आवाज निम्मा झाला, पण गेला नाही. तेव्हाच कळायला हवं होतं की पेट्रोल बदलून आवाज फक्त दबतोय, मूळ कारण दुसरीकडे आहे.

एका गॅरेजमध्ये टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) वाजतंय म्हणून टॅपेट सेटिंग करून दिलं. दीड दिवस आणि पैसे गेले. घाटात हरभरे होतेच.

मग कॉलेजातल्या सहकाऱ्याने मला चाचांकडे नेलं. साठीच्या पुढचे, चाळीस वर्षं इंजिनातच गेलेली. मी आवाजाचं वर्णन करायला लागले तर त्यांनी हात वर केला.

"मॅडम, कसा येतो ते नंतर सांगा. कव्हा येतो ते आधी सांगा."

थंड इंजिनला येतो का? नाही. उभ्या गाडीत रेस दिली तर? नाही. सपाटीला ऐंशीच्या वेगात? नाही. चढावर, इंजिन तापल्यावर, मोठ्या गिअरमध्ये पाय दाबला तर? हो, दरवेळी.

"मग हे टॅपेट नाही. टॅपेट थंडीत जास्त वाजतं आन गाडी उभी असली तरी वाजतं. बेरिंग गेलं असतं तर आवाज खालून आला असता, जड, हातोडा मारल्यासारखा. हे वरून येतंय, टोकदार. नॉकिंग करायलीय गाडी."

हा भेद मला कुठल्याच पुस्तकात इतका सरळ मिळाला नव्हता. आवाज कसा आहे यापेक्षा तो इंजिनवर कोणता भार असताना येतो, यावर ओळख पटते. चाचांनी आणखी एक युक्ती सांगितली. घाटात कठड्याच्या किंवा भिंतीच्या कडेने जाताना काच खाली करायची. आवाज त्यावर आपटून परत येतो आणि गाडीच्या आत दबलेला असेल तोही उघडा पडतो. दुसऱ्या दिवशी मी तसं केलं, आणि मला वाटत होतं त्याच्या दुप्पट ऐकू आला. बंद काचांत, एसीच्या आणि गाण्याच्या आवाजात किती जणांची इंजिनं अशी वाजत असतील, हा विचार तेव्हापासून डोक्यातून जात नाही.

आत नेमकं काय होतं ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्या भागात ऊस तुटल्यावर पाचट पेटवतात. एका बांधावर काडी लावली की जाळ पुढे सरकत जातो आणि शेत क्रमाने जळतं. सिलिंडरमध्येही असंच व्हायला हवं. प्लगची ठिणगी पडते, ज्योत तिथून पसरत जाते आणि पिस्टनवर एकसारखा दाब येतो. पण ज्योत पुढे येत असताना लांबच्या कोपऱ्यातलं न जळलेलं मिश्रण दाबलं जातं, तापतं. ते आधीच फार गरम असेल, तर ज्योत पोहोचायच्या आतच आपोआप, सगळं एकदम पेट घेतं. दाबाची लाट भिंतींवर आपटत राहते आणि इंजिनचा धातू घंटेसारखा थरथरतो. छोट्या गाडीच्या सिलिंडरमध्ये ही थरथर सेकंदाला साधारण सहा ते आठ हजार वेळा होते, म्हणून आवाज इतका टोकदार. इंजिनच्या ब्लॉकवर बोल्टने बसवलेला नॉक सेन्सर तीच ऐकत असतो. त्याच्या आत गॅसच्या लायटरमध्ये असतो तसाच दाबावर वीज देणारा स्फटिक असतो. त्याने खडखड ऐकली की गाडीचा संगणक ठिणगी थोडी उशिरा पाडतो, आवाज थांबतो, मग संगणक हळूहळू पूर्ववत येऊन पुन्हा चाचपतो.

मी चाचांना विचारलं, "सेन्सर आहे तर मग आवाज येतोच कसा?"

"सेन्सर म्हणजे राखणदार आहे मॅडम. चोर आल्यावर वरडतो. चोर येऊच नये याचं काम त्याचं नाही."

आणि त्याच्या हातात असलेली सूटही मर्यादित असते, हे दुसऱ्या दिवशी डोळ्यांनी दिसलं. चाचा माझ्या शेजारी बसले, स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये एक छोटं यंत्र खोचलं आणि मोबाइलवर इंजिनचे आकडे लावले. आम्ही मुद्दाम दुपारी दीडलाच निघालो, त्याच वाटेने, तेवढंच सामान टाकून. सपाटीला इंजिनच्या पाण्याचं तापमान 91. घाट सुरू झाला. चौथा गिअर, मिनिटाला 1700 फेरे, पाय पूर्ण दाबलेला. 96. 101. हरभरे सुरू. ठिणगीचा आकडा, म्हणजे पिस्टन वर पोहोचायच्या किती अंश आधी ठिणगी पडते तो, 15 वरून 9, 6, आणि शेवटी 3. पाणी 106. डॅशबोर्डवरचा काटा मात्र या सगळ्या वेळात मध्यावरून जराही हलला नव्हता.

मी गाडी कडेला घेतली. एवढी वर्षं ज्या काट्याकडे बघून मी निश्चिंत होते, तो 90 आणि 106 मधला फरकच दाखवत नव्हता. चाचा म्हणाले, बहुतेक गाड्यांत हे असंच असतं. काटा सारखा हलला तर गिऱ्हाईक घाबरतं, म्हणून तो मधल्या मोठ्या टप्प्यात मध्यावरच धरून ठेवतात. काटा वर जाईपर्यंत उशीर झालेला असतो.

"सेन्सर जिवंत आहे. आकडा पाडतोय म्हणजे ऐकतोय. गाडी तापायलीय, तिथं बघू."

सेन्सर जिवंत असल्याची खात्री मला महत्त्वाची वाटली. तो मेला असता तर आवाज कितीतरी मोठा झाला असता किंवा संगणकाने ठिणगी कायमचीच उशिरा पाडली असती. तो बदलायची वेळ आलीच तर स्वच्छ धातूवर, मध्ये वॉशर न घालता आणि टॉर्क पान्याने साधारण 20 न्यूटन-मीटरलाच आवळावा लागतो. कमीजास्त आवळला तर तो बहिरा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, रेडिएटरचं झाकण उघडलं. आत हिरवं किंवा गुलाबी कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायचं द्रव, दिसायला हवं. आत होतं चहाच्या रंगाचं पाणी. चाचांनी झाकणाच्या आत बोट फिरवलं आणि माझ्यापुढे धरलं. बोटावर करडी-पांढरी पूड होती.

"मॅडम, यात बोअरचं पाणी कोण टाकलं?"

मला विचार करावा लागला नाही. केजला अंगणात बोअर आहे. अण्णा रोज सकाळी देवपूजा झाल्यावर गाडीचं बॉनेट उघडायचे आणि तांब्याने पाणी घालायचे. मी गाडी घेऊन गेले तरी, "माय, गाडीचं पाणी बघितलं का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. दुर्लक्षाने नव्हे, काळजीने घातलेलं पाणी होतं ते. त्यांनी तरुणपणी जुनी जीप चालवली. तिला तांब्या-पितळेचा रेडिएटर, लोखंडी इंजिन आणि आजच्या मानाने फार कमी कॉम्प्रेशन, म्हणजे पेटण्याआधी मिश्रण किती पट दाबलं जातं ते. रेडिएटर तुंबला की तो उघडून सळ्या घालून साफ करायचे. ती जीप बोअरचं पाणी पिऊन आयुष्य काढायची. या गाडीचं कॉम्प्रेशन दहाच्या पुढे, इंजिन आणि रेडिएटर दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचे.

आणि आमचं पाणी कसं आहे ते मराठवाड्यातल्या कुणालाही सांगायला नको. बेसॉल्टच्या भेगांतून आलेलं, कॅल्शियम-मॅग्नेशियमने भरलेलं. हीटरची कॉइल वर्षभरात दगडासारखी होते, सोलरचे पाइप तुंबतात, बादलीला पांढरी कड येते. पाणी तापलं की विरघळलेलं बायकार्बोनेट कार्बोनेट होऊन भांड्याला धरतं. हे मी दरवर्षी कठीण पाण्याच्या धड्यात शिकवते, उदाहरण हीटरच्या कॉइलचंच देते. इंजिनच्या आत, सिलिंडरच्या माथ्याभोवती पाणी फिरतं तिथे हीच कॉइल तयार होत असेल, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं. तो क्षाराचा थर अ‍ॅल्युमिनियमच्या साधारण शंभराव्या भागाइतकीच उष्णता वाहून नेतो. म्हणजे पाण्याचं तापमान 106 दिसत होतं तेव्हा ज्वलनकक्षाच्या भिंती त्याहून कितीतरी जास्त तापत असणार, आणि लांबच्या कोपऱ्यातलं मिश्रण त्या भिंतींना टेकलेलं.

पाणी मुळात कमी का व्हायचं, याचंही उत्तर सापडलं. झाकणाची स्प्रिंग ढिली झाली होती. झाकण दाब धरतं म्हणून आतलं पाणी शंभराच्या पुढे जाऊनही उकळत नाही. दाब धरला नाही की थोडं थोडं उडून जातं. अण्णा ते भरत राहिले. पाणी उडायचं, क्षार मागे राहायचे, नवं पाणी नवे क्षार आणायचं. शंभर-दोनशे रुपयांच्या झाकणापासून सुरू झालेली गोष्ट.

रेडिएटर उतरवून दुरुस्तीवाल्याकडे नेला. निम्म्या नळ्या बंद होत्या. तिथल्या मुलाने शौचालय साफ करायच्या अ‍ॅसिडची बाटली काढली तेव्हा मी अक्षरशः त्याचा हात धरला. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड क्षार खातं हे खरं, पण अ‍ॅल्युमिनियमही तेवढ्याच आवडीने खातं, आणि त्या नळ्यांची जाडी ती किती! तो म्हणाला, सगळ्यांचे असेच करतो. पुढे सहा महिन्यांनी गळायला लागले की लोक गाडीला दोष देतात. मी नवीनच रेडिएटर घेतला, पाच हजारांच्या आत बसला. इंजिनच्या आतला थर काढायला चाचांनी आणि मी मिळून लिंबूसत्व वापरायचं ठरवलं, किराणा दुकानात मिळतं तेच सायट्रिक अ‍ॅसिड. पाच लिटर पाण्यात शंभर ग्रॅम, इंजिन वीस मिनिटं चालवायचं, लगेच काढून टाकायचं. रात्रभर आत ठेवायचं नाही, ते सौम्य असलं तरी अ‍ॅसिडच आहे. मग डिस्टिल्ड वॉटरने तीनदा धुतलं. पहिल्यांदा निघालेलं पाणी मी बाटलीत भरून ठेवलं. ती बाटली अजून आमच्या प्रयोगशाळेत आहे, कठीण पाण्याच्या धड्याला मुलांना दाखवते. नवीन थर्मोस्टॅट, नवीन झाकण, आणि निम्मं कुलंट निम्मं डिस्टिल्ड वॉटर.

इथे मी एक हट्ट धरला. एका वेळी एकच बदल करायचा आणि दरवेळी त्याच घाटात, त्याच वेळी, त्याच गिअरमध्ये जाऊन बघायचं. चाचांना ते वेळखाऊ वाटलं, पण नाही म्हणाले नाहीत. पाण्याचं काम झाल्यावर आम्ही गेलो तेव्हा तापमान 97 च्या वर गेलं नाही. ठिणगीचा आकडा 8 पर्यंतच खाली आला. आधी पूर्ण चढणभर वाजणारा आवाज आता दोन वळणांपुरता उरला. पेट्रोल साधंच, 91 चं. माझ्यासाठी हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत मोठा पुरावा होता.

मग प्लग काढले. प्लगची पोर्सिलीन फिकट तपकिरी असावी. माझ्या चारही प्लगची पांढरीफटक होती आणि दुसऱ्या सिलिंडरच्या प्लगवर मिरपूड भुरभुरावी तसे बारीक चकचकीत कण. चाचांनी भिंग दिलं. "हे पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम आहे मॅडम." ते ऐकून पोटात खड्डा पडला. मग त्यांनी कपाटातून एका दुसऱ्या गाडीचा पिस्टन काढून माझ्या हातात दिला. वरच्या दोन रिंगांमधली कड तुटून गेली होती, माथ्याच्या काठावर वाळू मारल्यासारखा खरबरीत पट्टा. त्या गाडीच्या मालकाने वर्षभर आवाज ऐकला होता आणि गाणी मोठी केली होती. ज्योतीच्या आणि धातूच्या मध्ये वायूचा एक पातळ थर असतो, तो धातूला वाचवतो. नॉकिंगची लाट तो थर खरवडून काढते, आणि मग उष्णता थेट पिस्टनमध्ये घुसते. तो तुटका तुकडा हातात धरल्यावर मला हे कळलं तसं आकृतीवरून कधीच कळलं नव्हतं.

प्लगवरचा नंबर बघितला तर कंपनीने सांगितलेल्यापेक्षा एक पायरी गरम जातीचा. मागे कुणीतरी दुकानात जे होतं ते बसवलं होतं. गरम प्लगचं टोक उष्णता लवकर सोडत नाही आणि तापून राहतं. यात एक खाच आहे. एनजीकेच्या प्लगमध्ये मोठा आकडा म्हणजे थंड प्लग, बॉशमध्ये नेमकं उलटं. एका कंपनीचा काढून दुसरीचा बसवताना इथेच घोटाळा होतो. पुस्तिकेत लिहिलेलेच प्लग आणले, फट मोजून बसवले. प्लगच्या भोकातून छोटा कॅमेरा घालून पिस्टनही पाहिला, कार्बन होता. रोज दोन किलोमीटर चालणारं इंजिन पुरतं तापतच नाही, मग कार्बन धरणारच. त्याने कॉम्प्रेशन किंचित वाढतं आणि तो स्वतः तापून राहतो. पण थर पातळ होता. हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, उतरवायची गरज नाही असं चाचांनी सांगितलं, आणि त्यांचा तो सल्ला मला प्रामाणिक वाटला, कारण हेड उतरवण्यात त्यांचाच फायदा होता.

हवेच्या फिल्टरकडे जाणारा पाइप समोरच्या जाळीपासून सुटून इंजिनच्या बाजूला वळला होता. बाहेर 42 अंश असताना इंजिन 57 अंशांची हवा ओढत होतं. एका क्लिपचं काम. बसवल्यावर 47.

उरलेला आवाज माझ्या पायात होता. मोठ्या गिअरमध्ये हळू चाललं की पेट्रोल वाचतं, हे मला अण्णांनी शिकवलं आणि सपाटीला ते खरंही आहे. पण चढावर कमी फेऱ्यांत पाय पूर्ण दाबला की सिलिंडरमध्ये मिश्रण ठासून भरतं, दाब वाढतो आणि पिस्टन सावकाश हलत असल्याने त्या कोपऱ्याला पेटायला हवा तेवढा वेळ मिळतो. चाचा म्हणाले, "तिसरा टाका. इंजिनला पळू द्या, ओढायला लावू नका." तिसऱ्या गिअरमध्ये 2800 च्या फेऱ्यांत, पाय अर्धाच दाबून गाडी घाट चढली. इंजिनचा आवाज वाढला, पण तो मोकळा आवाज होता. काच खाली, कठड्याला लागून. हरभरा एकही नाही. ठिणगीचा आकडा 16. पुढच्या महिन्यात लिटरमागे 14 वर आलेलं अ‍ॅव्हरेज साडेसोळा झालं. ही पण खूणच होती, मी वाचली नव्हती. सेन्सर ठिणगी मागे ओढून इंजिन वाचवत असतो तेव्हा कान काही सांगत नाहीत, पण ओढ आणि अ‍ॅव्हरेज दोन्ही कमी होतात.

आता कॉलेजात कुणी मला इथेनॉलमुळे नॉकिंग होतं का असं विचारतं. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलबद्दल रबरी नळ्या आणि अ‍ॅव्हरेजच्या तक्रारींवर बोलायला जागा आहे. नॉकिंगचा आरोप मात्र त्याच्यावर चिकटत नाही. इथेनॉलचा ऑक्टेन नंबर 108 च्या आसपास आहे, आणि ते बाष्प होताना मिश्रणाला थंड करतं. मी विचारते, रेडिएटरमध्ये कोणतं पाणी आहे? बहुतेक जण गप्प होतात. महाग पेट्रोलबद्दलही तेच सांगते. पुस्तिकेत जास्त ऑक्टेन लिहिलं असेल तर तेच घाला. तसं लिहिलं नसताना महाग पेट्रोल घालून आवाज दाबत राहिलात, तर आतली आग तशीच राहते.

अण्णांना हे सांगणं मला सगळ्यात जड गेलं. मी हीटरची जुनी कॉइल आणि रेडिएटरची कापलेली नळी दोन्ही केजला घेऊन गेले आणि त्यांच्या हातात दिली. ते बराच वेळ अंगठ्याने तो थर खरवडत बसले. "माय, मी तर रोज बघत होतो पाणी." मी म्हटलं, "तुम्ही बघत होता म्हणून गाडी एवढी टिकली अण्णा. फक्त पाणी दुसरं घालायचं." त्यांनी नळी खिशात ठेवली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोघांना दाखवून आले.

जुलैत आईला तपासणीसाठी बीडला आणलं आणि परत सोडायला निघालो तेव्हा अण्णा पुढे बसले होते. घाटात त्यांनी आपणहून काच खाली केली, कान बाहेर काढून बसले. वर पोहोचल्यावर मोबाइलकडे बोट करून विचारलं, "किती?" मी म्हटलं, "चौऱ्याण्णव." रबडी खाऊन, गाडी गार झाल्यावर ते उठले, बॉनेट उघडलं, कुलंटच्या बाटलीपुढे वाकून पातळी पाहिली. "वरच्या रेघेला आहे," म्हणाले, आणि काही न घालता बॉनेट लावलं.